तू उलटून विचारलं नाहीस

मिल्या,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो नाही. नाहूरच्या विहारात वंदना झाली, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, आणि तुझा मोठा भाऊ माईकवर म्हणाला, "आता मिलिंदचे जिवलग मित्र सुहास दोन शब्द बोलतील." मी उभा राहिलो, घशाला हात लावला आणि खुणेनेच सांगितलं की आवाज बसलाय. सगळ्यांना वाटलं, रडून बसला असेल. वहिनींनी लगेच कोमट पाणी पाठवलं. मी ते प्यायलोसुद्धा. आवाज ठणठणीत होता रे.

तू असतास तर बाहेर पडता पडता विचारलं असतंस, "का नाही बोललास?" मी काहीतरी सांगितलं असतं. आणि तू म्हणाला असतास, "ही सबब झाली. कारण सांग."

तर कारण सांगायला बसलोय. तुझ्यानंतर चार-पाच वेळा बसलो आणि उठलो. सकाळी फिरायला जातो तर हायवेच्या कडेकडेने तोच तो पट्टा तीनदा चालतो, घरी येतो, माधवी विचारते आज एवढा वेळ का, आणि मला सांगता येत नाही की मी अजून तुझ्याशी भांडतोय.

बावीस वर्षं आपण एकाच बसने मरोळला गेलो. मी मुलुंडला चढायचो, तुझ्यासाठी खिडकीची जागा धरायचो, तू नाहूरच्या स्टॉपवर चढायचास. प्रेशर गेज बनवणारी आपली छोटी कंपनी, तू टेस्टिंगला, मी डिस्पॅचला. तू पास केल्याशिवाय माझी पेटी बंद होत नसे. पवईचा तलाव येईपर्यंत तू पेपर वाचायचास, आणि तलाव मागे पडला की वाद सुरू. वादाचा विषय फिरून फिरून एकच. बरोबर-चूक हे सिद्ध करता येतं का? मी म्हणायचो, कसलं सिद्ध करतोस यार, ज्याला जसं वाढवलं तसं त्याला वाटतं. तू म्हणायचास, वाटण्याला कोण विचारतो? वाटतं तर सगळ्यांनाच. कारण सांग, कारण तपास, टिकलं तर ठेव, नाही टिकलं तर सोड. तुझे वडील वाशीमकडून येऊन गोदीत लागले होते. शाळा चौथीपर्यंत, पण घरात त्यांनी एकच नियम केला होता: कुणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, त्यांनी स्वतः सांगितलेलंही नाही. तू हे इतक्या अभिमानाने सांगायचास की एकदा कंडक्टर म्हणाला, "साहेब, मग तिकीट काढायचं का, ते कशावरून?" तू त्याला तिकिटाचं कारण समजावलंस. पूर्ण. आपला स्टॉप पुढे गेला.

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलास तेव्हाचं आठवतंय ना? आईने चहा ठेवता ठेवता विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" आणि तू हसत म्हणालास, "काकू, आडनावावरून साखर किती ते कळतं का?" आई गोंधळली. चहा आला, पण कपबशी आमच्या रोजच्या वापरातली नव्हती. मी पाहिलं. तूही पाहिलंस. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तू रागावला नाहीस, फक्त विचारलंस, "तू गप्प का बसलास?" मी म्हटलं, "आई आहे रे, तिला कसं बोलणार?" तेव्हाच तू तो शब्द वापरलास पहिल्यांदा. सबब. कारण आणि सबब यांतला फरक तू मला त्या दिवशी शिकवलास, आणि संध्याकाळी मी आईशी बोललो. अर्धा तास ती रडली. पुढे तीच तुझ्यासाठी डिंकाचे लाडू बांधून द्यायची, हा भाग तू सगळ्यांना सांगायचास. कपबशीचा भाग तू कुणालाच सांगितला नाहीस.

मी बदललो मिल्या. तुझ्यामुळे बदललो. आपली कंपनी वसईच्या पलीकडे हलली आणि आपण दोघांनी नोकरी सोडली, तोवर मी तुझ्यापेक्षा कट्टर झालो होतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहून "कारण सांगा" म्हणणारा मुलुंडमधला सगळ्यात नकोसा माणूस. माझ्या डोक्याला जी काही शिस्त आहे ती तू लावलीस, आणि तिच्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानतोय. तीच शिस्त घेऊन मी तुझ्यावर चालून आलो, तेही आजच सांगायचंय.

तुझ्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दर बुधवारी मी सोबत यायचो. वहिनींना मधुमेह, त्यांची किडनी चालणार नव्हती. तुझ्या लेकीने, स्नेहलने, कुणाला न सांगता तपासण्या करून घेतल्या आणि रिपोर्ट तुझ्यापुढे ठेवला. जुळत होतं सगळं. वहिनी सांगतात, तू तो रिपोर्ट गेजचा टेस्ट रिपोर्ट वाचायचास तसा वाचलास, ओळीवर बोट ठेवून, शेवटच्या सहीपर्यंत. मग म्हणालास, "रिपोर्ट चांगला आहे. माझं उत्तर नाही असं आहे."

त्यानंतरच्या आठवड्यात स्नेहलने मला पवईला बोलावलं, तिच्या ऑफिसजवळ. तिचे डोळे सुजलेले होते. "काका, बाबा कारण देत नाहीत. नुसतं नाही म्हणतात. त्यांना वादात हरवू शकेल असा एकच माणूस आहे." मिल्या, खरं सांगतो, मला बरं वाटलं ते ऐकून. तुझा जीव जात होता आणि मला बरं वाटलं.

मग मी तयारी करून आलो. त्या बुधवारचं सगळं मला पाठ आहे.

"किडनी तिला लागली असती तर तू दिली असतीस?"

"विचारतोस काय? डोळे मिटून."

"का?"

"बाप आहे म्हणून."

"ती मुलगी आहे म्हणून देतेय. तुझं प्रेम प्रेम, आणि तिचं काय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

"मला नको, एवढंच म्हणतो."

"नको ही भावना झाली. धोका म्हणशील तर डॉक्टर म्हणतात अगदी थोडा. लग्नाचं म्हणशील तर ती म्हणते, ज्याला चालणार नाही तो मलाच नको. वय म्हणशील तर सव्वीस वर्षांची बाई आहे ती. तिला मत देता येतं, मूल जन्माला घालता येतं, आणि एवढं ठरवता येत नाही?"

शेजारच्या खुर्चीवर घाटकोपरचे एक गुजराती काका असायचे. ते कानातलं गाणं बंद करून आपल्याला ऐकत होते.

तू म्हणालास, "बरोबर आहे तुझं."

"मग?"

"मग काही नाही. तुझं सगळं बरोबर आहे, आणि मी घेणार नाही."

"मिलिंदभाई, ये तो फाउल है," काका म्हणाले. तू हसलास. मी नाही हसलो.

"ज्याचं कारण सांगता येत नाही ते मानायचं नाही, असं कोण म्हणायचं?"

"मी म्हणायचो."

"आणि आता?"

"आता असेन मी चुकत. पण चुकत असलो तरी माझ्या हातून ते होणार नाही, सुह्या. पोरीचं घ्यायचं नाही. ह्याच्या खाली मला काही सापडत नाही. खणलं मी. नाही सापडत."

मी चिडून बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या मॅडम भेटल्या. "तुम्ही पेशंटचे कोण?" मी म्हटलं, मित्र. बोलता बोलता रक्तगट विचारला त्यांनी. मी म्हटलं, ओ पॉझिटिव्ह. "त्यांचाही ओच आहे. नातं नसलं तरी देता येतं हां. कमिटीपुढे जावं लागतं, आपुलकीपोटी देतोय हे पटवावं लागतं, वेळ लागतो. पण होतं. माहिती देऊ?" त्यांनी एक पत्रक दिलं. मी ते घडी करून खिशात घातलं आणि म्हटलं, "कळवतो."

दार उघडं होतं. तुझी खुर्ची दारापासून तिसरी. तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. आणि ऐकायची गरज तरी काय होती? कंपनीच्या रक्तदान शिबिरात आपण दोघं शेजारशेजारच्या खाटांवर झोपायचो, दरवर्षी. माझा रक्तगट तुला माझ्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ होता.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा आलो. पत्रक घरी ड्रॉवरमध्ये होतं. मी पुन्हा सुरू केलं. म्हटलं, तू मुलगी-बाप सगळं बाजूला ठेव. साधं बघ. एका माणसाकडे दोन आहेत, एकीवर त्याचं भागतं. दुसऱ्याचा जीव जातोय. ज्याला देणं शक्य आहे त्याने द्यावं. ह्यात न पटण्यासारखं काय आहे?

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच ऐकू आलं.

तू मान वळवलीस. माझ्याकडे बघितलंस. मशीन घरघरत होतं. बावीस वर्षांत माझं एकही पोकळ वाक्य तू सुटू दिलं नव्हतंस. आणि इथे तर दोनच शब्द पुरले असते. "मग तू?" एवढंच.

तू म्हणालास, "सुह्या, बाहेर ऊन फार आहे. पाणी पिऊन घे."

तुला स्वतःला दिवसाला मोजकंच पाणी होतं. माझ्या बाटलीकडे बोट दाखवून तू ते म्हणालास. आणि मी प्यायलो रे. तुझ्यासमोर उभा राहून अर्धी बाटली प्यायलो.

का नाही विचारलं मी तुला? का नाही म्हणालो, माझी तपासून बघू? तेव्हा मनात बरंच काही होतं. मी सत्तावन्नचा, माझी कोण घेणार. माधवीचं बीपी. कमिटी परवानगी देणार नाही. आणि सगळ्यांत सोयीचं म्हणजे, तू नाहीच म्हणणार आहेस तर विचारून उपयोग काय. तुला आता सांगतो ते कारण एवढंच आहे: मी घाबरलो. पोट चिरणार ह्याला घाबरलो. नुसती तपासणी करून बघायलाही घाबरलो, कारण जुळली असती तर? माधवीला मी ते पत्रक दाखवलंही नाही. ती कदाचित हो म्हणाली असती.

त्यानंतर मी बुधवार चुकवायला लागलो. एकदा दात दुखतोय, एकदा गॅसवाला येणार आहे.

मला हे एवढ्यावर सोडवत नाही, मिल्या. मी भित्रा निघालो म्हणून माझा मुद्दा खोटा ठरतो का? नाही ठरत. तूच शिकवलंयस, कोण बोलतोय ते बघू नकोस, काय बोलतोय ते बघ. मी आजही ते वाक्य उलटंपालटं करून बघतो, आणि मला त्यात खोट सापडत नाही. ज्याला शक्य आहे त्याने द्यावं. म्हणजे मी चुकलो. आणि मी चुकलो नसेन, तर ते वाक्य खोटं आहे, आणि मग मी कुठल्या तोंडाने ते तुझ्या पोरीलाही शिकवून ठेवलं? ह्या दोन भिंतींमध्ये मी रोज सकाळी चालतो. तिसरं काहीतरी असेल, असं वाटतं. तू ज्याच्या खाली खणलंस आणि काही सापडलं नाही म्हणालास, तसं काहीतरी. पण तिथे तू उभा होतास. मला तिथे पाय ठेवता येत नाही.

कधी वाटतं, तू मला विचारलं नाहीस त्यात माझ्यावर दया नव्हतीच. जो पोरीचं घेणार नाही तो मित्राचं काय घेणार, आणि जे घ्यायचं नाही ते विचारायचं कशाला? साधी गोष्ट. पण ही समजूत मला फार सोयीची आहे. सोयीचं कारण दोनदा तपासावं, हेही तुझंच.

मग तो शुक्रवारचा फोन. संध्याकाळी भाजी निवडत होतो. तुझा आवाज एकदम ताजा. "सुह्या, कारण सापडलं. रविवारी ये."

"फोनवर सांग ना."

"हट्. फोनवर नाही. ऐकताना तुझं तोंड बघायचंय मला."

बोरिवलीला माधवीच्या भाचीचा साखरपुडा होता. सकाळचा होता. चारपर्यंत मी सहज नाहूरला पोचलो असतो. मी म्हटलं, "ह्या रविवारी जमत नाही रे, पुढच्या रविवारी नक्की." तू म्हणालास, "झकास. तोवर अजून घासून ठेवतो." आणि मंगळवारी सकाळी साडेसहाला स्नेहलचा फोन आला.

काय सापडलं होतं तुला? वहिनींना विचारलं, त्यांना माहीत नाही. तुझी डायरी त्यांनी मला वाचायला दिली. तिच्यात वजन, बीपी, पाणी किती प्यायलं ते, आणि गुजराती काकांनी सांगितलेले दोन विनोद. बाकी काही नाही. कदाचित पोरीचं का घेऊ नये ह्याचं खरंच पक्कं कारण होतं ते, कधीही न हलणारं, आणि ते त्या साखरपुड्यापायी जगातून गेलं. की तू मला शेवटी तेच विचारणार होतास? मी रविवारी आलो नाही तो त्याच भीतीने. बोरिवली ही सबब होती.

गेल्या शनिवारी मी नाहूरला गेलो. स्नेहल तुझी उरलेली औषधं एका पिशवीत भरत होती, डायलिसिस सेंटरला नेऊन द्यायला. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. मॅडम, रक्तगट, पत्रक, बाटली, रविवार. ती औषधं भरायची थांबली.

"म्हणजे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत?"

"नाही."

"मी तुमची वाक्यं पाठ केली होती, काका. तुम्ही मला समजावलं होतं ना, देऊ शकणाऱ्याने द्यावं, आणि घेणाऱ्याने अडवू नये? ते मी जसंच्या तसं बाबांना ऐकवायचे. मी त्यांना म्हणाले, तुम्हाला मोठेपणा हवाय. म्हणाले, तुम्ही स्वार्थी आहात. शेवटचे दोन महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. वाटलं, हरतील कधीतरी. का नाही विचारलंत?"

"घाबरलो."

"बस? एवढंच?"

"एवढंच गं."

ती उठून गॅलरीत गेली. मी तसाच बसलो. उठून जावं की थांबावं ते कळेना. वहिनी आतून आल्या, हाताला पीठ. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खुर्चीला टेकून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते घेणार नव्हतेच, भावजी. तुम्ही विचारलं असतंत तरी नाहीच म्हणाले असते. मला पक्कं माहितेय." मला वाटलं, आता त्या मला सोडवतील. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही विचारायला हवं होतं."

काही फरक पडला नसता, तरी विचारायला हवं होतं. मी ह्यावर वाद घातला नाही, मिल्या. कसा घालणार? ते इतकं खरं होतं.

वहिनींनी जेवायला वाढलं. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. स्नेहल आत येऊन जेवायला बसली, माझ्याकडे बघितलं नाही तिने. वहिनींनी मला दुसरी भाकरी न विचारता वाढली.

निघताना स्नेहल दारापर्यंत आली. मी चपला घालत होतो.

"काका, तुम्ही विचारलं असतंत आणि बाबा हो म्हणाले असते, तर?"

आवाज न चढवता विचारलं तिने, आणि उत्तरासाठी थांबली. मी चपलेचा बंद उगाच पुन्हा लावला.

"तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही गं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "आईला गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. डोळ्यांत औषध घालतात, येताना तिला दिसणार नाही. मला सुट्टी मिळत नाहीये. तुम्ही याल?"

"येतो," मी म्हणालो.

उद्या गुरुवार आहे.